अकरा महिने कॉम्पोझिट सर्फबोर्डवर: घ्यावा की नाही?

जुना बोर्ड मोडला त्या दिवशी लाटा फार मोठ्या नव्हत्या, जेमतेम डोक्याएवढ्या. टेकऑफला, म्हणजे लाट पकडून बोर्डवर उभं राहायला, उशीर झाला, बोर्डचं पुढचं टोक, नोज, पाण्यात घुसलं आणि मी वर आले तेव्हा लीशच्या, म्हणजे पायाला बांधलेल्या दोरीच्या, टोकाला अर्धाच बोर्ड लटकत होता. सहा वर्षं वापरलेला साधा पीयू बोर्ड होता तो: आत पॉलियुरेथेनचा फोम, मधोमध स्ट्रिंगर म्हणजे लांबीभर लाकडी पट्टी, वर काचेचं कापड आणि पॉलिएस्टर रेझिन. दोन दिवस हळहळले आणि मग ठरवलं की आता कॉम्पोझिट, म्हणजे वेगवेगळ्या साहित्याचे थर चढवलेला बोर्डच घ्यायचा. हलका, मजबूत, जास्त तरंगणारा, असं सगळीकडे ऐकत होतेच.

आता अकरा महिने झाले. प्रत्येक वेळी पाण्यातून आल्यावर वहीत दोन ओळी लिहायची सवय आहे, त्यामुळे आकडा नेमका सांगता येतो: 104 वेळा हा बोर्ड घेऊन पाण्यात गेले. बोर्ड चांगला आहे. पण ज्या कारणासाठी तो विकला जातो, त्या कारणासाठी घेऊ नका. हे नीट सांगावं म्हणूनच लिहायला बसले.

आधी तो बनलाय कसा ते सांगते. आत ईपीएस, म्हणजे आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो तोच पॉलिस्टायरिनचा फोम, फक्त जास्त घट्ट दाबलेला. त्यावर दाट फोमचा पातळ थर, त्याच्या दोन्ही बाजूंना काचेचं कापड, आणि रेझिन इपॉक्सी. मधला स्ट्रिंगर नाही. त्याऐवजी दोन्ही रेल्सना, म्हणजे बोर्डच्या बाजूच्या कडांना, बाल्सा या हलक्या लाकडाची पट्टी फिरवलेली. याला ‘नवं तंत्रज्ञान’ म्हणतात, पण कल्पना जुनी आहे. बॉब सिमन्स या अमेरिकन बोर्ड बनवणाऱ्यानं 1940 च्या दशकाच्या शेवटी पॉलिस्टायरिनच्या फोमवर प्लायवूड चढवून, कडेला बाल्सा लावून बोर्ड केले होते. पुढे पीयू स्वस्त आणि घडवायला सोपा म्हणून तोच रुळला. 5 डिसेंबर 2005 ला क्लार्क फोम हा पीयूचे ब्लँक, म्हणजे बोर्ड घडवायचे कच्चे फोमचे ठोकळे, पुरवणारा अमेरिकेतला सगळ्यात मोठा कारखाना अचानक बंद झाला, तेव्हा कुठे बोर्ड बनवणारे पुन्हा मोठ्या प्रमाणावर ईपीएस आणि इपॉक्सीकडे वळले.

आता ‘जास्त तरंगतो’ या दाव्याकडे येऊ. माझा जुना बोर्ड 6 फुटांचा, 32 लिटरचा, वजन 3.1 किलो. नवाही तेवढ्याच लांबीचा, 32 लिटरचाच, वजन 2.5 किलो. दोन्ही बोर्ड पूर्ण बुडवले तर दोन्ही 32 लिटरच पाणी बाजूला सारणार. म्हणजे तरंगण्यातला फरक फक्त वजनातल्या फरकाएवढा, 600 ग्रॅम. भिजलेला वेटसूट त्याहून जास्त पाणी धरून ठेवतो! मग बोर्ड पाण्यावर उचललेला का वाटतो? कारण तो हलका आणि ताठ आहे, पॅडलचा पहिला हात मारला की लगेच सुटतो. ही गोष्ट खरी आहे आणि फार सुखाची आहे. पण जाड, भरलेल्या रेल्सचा 36 लिटरचा कॉम्पोझिट आणि 30 लिटरचा पीयू शेजारी ठेवून कोणी ‘बघा किती तरंगतो’ म्हणत असेल, तर तो फरक फोमचा नाही, लिटरचा आहे. बोर्ड निवडताना आधी लिटर जुळवा, मग तुलना करा.

लहान, ढिल्या लाटांवर मी या बोर्डच्या प्रेमात आहे. कमरेएवढी लाट, वारा पडलेला, पाणी काचेसारखं. अशा सकाळी जुना बोर्ड मध्येच दम टाकायचा आणि हा मात्र लाटेच्या पुढच्या भागापर्यंत पोचतो. वळणातून बाहेर पडताना तो किंचित वाकून परत सरळ होतो तेव्हा मागून कोणीतरी हलकेच ढकलल्यासारखं वाटतं. वहीत पहिल्या दोन महिन्यांत तीनदा नुसतं ‘सुटला!’ एवढंच लिहिलंय.

वारा सुटला की मात्र चित्र पालटतं. पाण्यावर बारीक खळबळ असली की पीयू बोर्ड ती पोटात घेतो, वजनामुळे दबून राहतो. हा तसा दबत नाही. चपटा दगड फेकून पाण्यावर भाकऱ्या काढतात ना, तसा तळ टपटप आपटत जातो आणि तो प्रत्येक टप्पा पायांना जाणवतो. किनाऱ्याकडून समुद्राकडे जोराचा वारा असला तर आणखी एक पंचाईत: टेकऑफच्या क्षणी वारा नोजखाली शिरतो आणि हलका बोर्ड लाटेच्या माथ्यावरच अडकून राहतो. फिन, म्हणजे तळाला मागे लावलेली पाती, बदलून पाहिल्या, थोड्या लवचीक घेतल्या. टेल, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, जरा शांत झाली, पण बोर्डचा स्वभाव काही बदलला नाही. छातीच्या वरची लाट आणि वारा एकत्र असेल त्या दिवशी मी अजूनही कोणाचा तरी पीयू मागून घेते. जागतिक स्पर्धांतले कितीतरी सर्फर आजही पीयूच वापरतात, त्यामागे ही पायाखालची ओळखीची दबदार जाणीव आहेच. शिवाय बोर्ड टिकण्याची काळजी त्यांना आपल्याइतकी नसते, त्यांना नवे मिळत राहतात.

आता मजबुतीविषयी. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. डेक, म्हणजे पाय ठेवायची वरची बाजू, खरंच मजबूत आहे. जुन्या बोर्डवर टाचांचे खळगे पंधरा दिवसांत पडले होते. इथे अकरा महिन्यांनी पुढच्या पायाखाली दोन उथळ खुणा आहेत, त्याही तिरप्या उजेडातच दिसतात. पण कवच फुटलं तर आतला फोम पीयूपेक्षा कितीतरी नाजूक आहे. पाचव्या महिन्यात गर्दीत एकाची फिन माझ्या रेलवर घासली. नखाएवढी चीर. केसासारखी बारीक होती, मला दिसलीच नाही, आणि पुढचे दोन दिवस मी तशीच पाण्यात गेले. तिसऱ्या दिवशी बोर्ड उन्हात टेकवून ठेवला होता, तर रेलवर एक थेंब जमला. पुसला. पुन्हा जमला. बोटानं दाबलं तर बारीक बुडबुडे आले.

ईपीएसचे मणी एकमेकांना चिकटलेले असले तरी त्यांच्यामध्ये फटी असतात आणि पाणी त्या फटींतून दूरवर झिरपतं. पीयूही पाणी पितो, पण बहुतेक जखमेच्या आसपासच. बोर्ड वजनकाट्यावर ठेवला: 2.8 किलो. म्हणजे 300 ग्रॅम पाणी आत. चीर खालच्या बाजूला करून बोर्ड सावलीत उभा ठेवला, आणि काटा हलायचा थांबेपर्यंत तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे लाटा सुंदर होत्या, हे अजून सलतं.

दुरुस्तीला एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पॉलिएस्टर रेझिन ईपीएसला लावायचं नाही. त्यातलं स्टायरिन पॉलिस्टायरिनला विरघळवतं. खात्री म्हणून मी खोक्यातल्या थर्मोकोलच्या तुकड्यावर एक थेंब टाकून पाहिला. बघता बघता पृष्ठभाग आत बसला आणि तिथे चकचकीत खड्डा पडला. हेच बोर्डच्या आत झालं असतं. उन्हात सुकणाऱ्या रेझिनच्या ट्यूबा पॉलिएस्टरच्याही असतात आणि इपॉक्सीच्याही, तेव्हा ट्यूबवरचं वाचूनच विकत घ्या. इपॉक्सी मात्र दोन्ही प्रकारच्या बोर्डांना चालतं, म्हणून मी पिशवीत आता तेच ठेवते.

दुसरा घाव उष्णतेचा. नवव्या महिन्यात बोर्ड बंद गाडीत तासभर राहिला. आतली हवा फुगते आणि कवच फोमपासून सुटायला लागतं. त्यासाठीच माझ्या बोर्डला हवा सोडणारी, पण पाणी न घेणारी छोटी झडप आहे. तरीही छातीखालच्या भागात तळहाताएवढा फुगा आला. बोटाच्या पेरानं वाजवलं की बाकी डेक ‘टक टक’ बोलते आणि तेवढाच भाग ‘ठप ठप’. कंपनीला फोटो पाठवले, तर उष्णतेचं नुकसान हमीत बसत नाही असं उत्तर आलं. नियम असेल, मान्य. पण मग ‘तुमच्या पीयूपेक्षा कितीतरी टिकाऊ’ असं ठळक छापताना त्याच अक्षरात ‘उन्हात ठेवू नका’ हेही छापायला हवं होतं. मला त्याचा राग आला आणि अजून आहे.

एवढं होऊनही मी हा बोर्ड विकणार नाही. तुमच्याकडे एकच बोर्ड असणार असेल आणि तुमच्या किनाऱ्यावर बहुतेक दिवस वारा असेल, तर पीयू घ्या, निश्चिंत राहाल. तुमच्या लाटा लहान आणि स्वच्छ असतील, बोर्ड पाण्यातून आल्यावर रोज रेल्सवरून बोट फिरवायची आणि तो सावलीतच ठेवायची शिस्त असेल, तर जास्तीचे पैसे वसूल होतात. शिकणाऱ्याला मी अजून सुचवणार नाही. त्याचा बोर्ड रोज कुठे ना कुठे आपटणार आणि रोज त्यात पाणी शिरायची भीती.

जुना कॉम्पोझिट घेत असाल तर रंग, वॅक्स, फिन हे सगळं नंतर पाहा. आधी मूळ वजन किती होतं ते विचारा आणि काटा सोबत न्या. नंतर सगळ्या डेकवर पेरानं वाजवत जा. माझ्या बोर्डचं पहिल्या दिवशीचं वजन मी पिशवीच्या आतल्या कापडावर लिहून ठेवलंय, 2.5. परवा पुन्हा मोजलं. दुरुस्तीच्या रेझिनसकट 2.56 भरलं.