बारा सुरमया आणि एक सिक्वेन्सिंग सेवा: पाचपैकी साडेतीन तारे

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात माझा प्रकल्प होता बाजारातल्या सुरमईचं डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखणं. कापलेल्या तुकडीला ना डोकं ना शेपूट, मग जात कळणार कशी? प्राण्यांची जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५५ अक्षरांचा तुकडा पीसीआरने वाढवायचा (म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढायच्या), सँगर पद्धतीने त्याची अक्षरं वाचून घ्यायची आणि ब्लास्टला, म्हणजे नोंदवलेल्या डीएनएशी जुळवून बघणाऱ्या ऑनलाइन साधनाला लावायची. आमच्या विभागात हे वाचणारं यंत्र, सिक्वेन्सर, नाही. म्हणून कोल्हापूरहून पुण्यातल्या एका खासगी सेवेकडे बारा सॅम्पल पाठवली. नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

फॉर्म सोपा. जेलचा फोटो (तुकडा नीट वाढल्याचा पुरावा) मागतात, तो जरूर जोडा. पीसीआर प्रॉडक्टला बर्फ लागत नाही, साध्या कुरिअरने गेलं. ट्यूबवर मार्करने नंबर टाकलात तर वरून सेलोटेप लावा. स्पिरिटचा हात लागला की नंबर गायब. (माझी सात नंबरची ट्यूब अशीच अनामिक झाली होती.)

तक्रार वेळेची. ‘चार दिवस’ म्हणाले, नवव्या दिवशी मेल आला. तोवर आमच्या मॅडम रोज सकाळी दारातूनच विचारायच्या, ‘आलं का गं?’ सबमिशनला तीन आठवडे उरले होते.

आठ रिझल्ट सुंदर: सुरुवातीची तीसेक अक्षरं सोडली तर आलेखातले पीक (दर अक्षराला एक टोक) सुटे, उंच, स्वच्छ. उरलेल्या चारांत मात्र एकाच जागी दोन-दोन पीक, सगळी गिचमिड. पीडीएफ रिपोर्टमध्ये यातलं काही कळत नाही, नुसती एन-एन-एनची (म्हणजे न वाचता आलेल्या अक्षरांची) रांग दिसते. यंत्राची मूळ एबी१ फाइल मागून घ्या आणि क्रोमॅटोग्राम, म्हणजे तो पीकचा आलेख, स्वतः बघा.

चिडूनच फोन केला. पलीकडचे सर शांतपणे म्हणाले, ‘प्रायमर उरलेत. दोन्ही बाजूंनी वाचलं गेलंय. क्लीनअपचं एन्झाइम कमी घातलंत का?’ कमीच घातलं होतं. बाटली संपत आली होती, म्हणून शेवटच्या चारांना निम्मंच. उरलेले प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) खाणारं एक्सोन्यूक्लिएज आणि सुटे न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएची सुटी अक्षरं, निकामी करणारं फॉस्फेटेज अशी ती क्लीनअपच्या एन्झाइमची जोडी. यातलं दुसरं मुळात कोळंबीतून मिळालेलं. सुरमईच्या कामात कोळंबीची काटकसर केली, असं आईला सांगितलं तर ती हसतच सुटली.

त्या सरांनी वीस मिनिटं दिली, आणि साडेतीन ताऱ्यांतला एक तारा त्या वीस मिनिटांचाच आहे. पुन्हा रन करायचे पैसे मात्र पूर्ण घेतले. चूक माझीच होती, पण विद्यार्थ्यांना थोडी सवलत द्यायला हरकत नव्हती.

शेवटी नऊ ‘स्कॉम्बेरोमोरस कॉमरसन’ निघाल्या, दोन ‘गटाटस’ (तिचीच जवळची जात), आणि सात नंबर दुसऱ्यांदाही वाचला गेला नाही. प्रबंधात तसंच लिहिलं.

बिल विभागाच्या नावाने हवं असेल तर सॅम्पल पाठवतानाच सांगा. मी नंतर सांगितलं. तोंडी परीक्षा होऊन गेली, बिल अजून दुरुस्त व्हायचंय.