पुण्याच्या कॅम्पातलं रेजिमेंटच्या बॅजचं दुकान, ५ पैकी ४ स्टार

बाबा महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, पंचाहत्तरीला त्यांना रेजिमेंटच्या निशाणीची लाकडी शिल्ड द्यायची होती. आधी एक ऑनलाइन मागवली. दिसायला एकदम चकाचक, पण बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, अगं ह्या तर साध्या रायफली आहेत, आमच्या विकर्स मशीनगन होत्या. खूप वाईट वाटलं मला.

मग शेजारच्या काकांनी कॅम्पातलं हे दुकान सांगितलं, ईस्ट स्ट्रीटच्या आतल्या गल्लीत, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढंच. मी महार रेजिमेंट म्हटल्याबरोबर दुकानदार काकांचा पहिला प्रश्न, स्तंभवाली की कट्यारवाली? मला काहीच कळेना. मग त्यांनी ड्रॉवरमधून दोन बॅज काढून काउंटरवर ठेवले आणि सांगितलं की १९४१ ला रेजिमेंट उभी राहिली तेव्हाच्या बॅजवर कोरेगाव भीमाचा स्तंभ होता, १९४६ ला ती मशीनगन रेजिमेंट झाली, नंतर स्तंभ गेला आणि त्या जागी कट्यार आली, म्हणजे तुझ्या वडिलांची कट्यारवालीच. आपण दर १ जानेवारीला ज्या स्तंभाला जातो तोच बॅजवर होता हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं!

काम तर बघत राहावं असं. दोन मशीनगन एकमेकींवर फुली मारून तिवईवर, आणि नळीवरचं ते जाड पाण्याचं जॅकेट, गोळीबारात नळी तापू नये म्हणून असतं ना ते, त्याच्यावरच्या बारीक पन्हाळ्या सुद्धा पितळेत कोरल्यात, बोट फिरवलं की लागतात. खाली 'यश सिद्धि' वेगळ्या पट्टीवर. शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीची एक शिल्ड पॉलिशला होती, ढाल, तलवारी आणि बिगुल, ती पण तेवढीच सुबक.

एक स्टार कापला कारण आठ दिवस उशीर झाला आणि एकदाही फोन केला नाही, मीच दोन चकरा मारल्या, वाढदिवस अगदी तोंडावर आला होता. पैसे फक्त कॅश, गाडी लांबच लावावी लागते.

बाबांनी शिल्ड हातात घेतली, आधी नळ्या बघितल्या, मग कट्यार, आणि काही न बोलता उठून बाबासाहेबांच्या फोटोखाली स्वतः खिळा ठोकला. कुणाला करून घ्यायची असेल तर घरातला जुना कॅप बॅज नक्की सोबत न्या, काका त्यावरूनच माप आणि नक्षी घेतात.