देलाक्रुआच्या वाघाची प्रिंट, धरमपेठेतल्या फ्रेमवाल्याकडून

नागपूरवाल्याला वाघाचं चित्र विकणं सोपं नाही भाऊ. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला सगळं हाताशी, त्यामुळे इथला माणूस आधी खांदे आणि पंजे बघतो, मग बाकीचं. मी धरमपेठेतल्या एका फ्रेमवाल्याकडून फ्रेंच चित्रकार युजेन देलाक्रुआच्या १८४६ च्या एचिंगची प्रिंट काढून घेतली, वाळवंटात पहुडलेला वाघ, आणि चार-पाच जण विचारून राहिले म्हणून इथं लिहितो.

चित्र आधी. शक्यतो भिंग घेऊनच बघा. लांबून जो पट्टा सरळ काळा वाटतो तो जवळ गेलं की काळा राहतच नाही, नुसत्या रेघा, एकमेकींना खेटून मारलेल्या, आणि अंग जिथं वळतं तिथं त्याही वळतात. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने तो खरवडला की तेवढंच तांबं उघडं पडतं आणि पत्रा ॲसिडमध्ये टाकला की तिथंच खोदलं जातं, जास्त वेळ ठेवला की रेघ खोल आणि गडद. थर मऊ असल्यामुळे हात पेनासारखा मोकळा चालतो, आणि तो मोकळेपणा या वाघात दिसतो. शिकार नाही, रक्त नाही, एकटं जनावर. सिंहाच्या शिकारीची एवढी धुमश्चक्री रंगवणारा माणूस इथं शांत बसून एका प्राण्याकडे बघतो, मला ते फार आवडलं.

वाळवंट मात्र खटकतंच. देलाक्रुआ १८३२ मध्ये मोरोक्कोला जाऊन आला होता पण आफ्रिकेत वाघ नसतो, त्याने वाघ-सिंह बघितले ते पॅरिसच्या जार्दां द प्लांतच्या प्राणिसंग्रहालयात, शिल्पकार बारीसोबत तिथं स्केचेस करायचा. म्हणजे जमीन कल्पनेतली. अंग मात्र बघून काढलेलं आहे, आडवा पडलेला असला तरी वजन जाणवतं.

आता प्रिंट. मूळ चित्र छोटंच आहे, पोस्टकार्डच्या आसपास, म्हणून मी त्याच साइजला मोठी मार्जिन ठेवून कॉटन पेपरवर मॅटमध्ये काढायला सांगितलं. दुकानदाराने ए-थ्रीचं सॅम्पलही दाखवलं, त्यात रेघांचे ठिपके होऊन राहिले होते, सगळा जीवच गेला, ते घेऊ नका. छोट्या साइजमध्ये प्रत्येक रेघ सुटी दिसते. काळा रंग थोडा निळसर आला होता, सांगितल्यावर काहीही कटकट न करता परत काढून दिली, यासाठी त्यांना पूर्ण मार्क.

एक सांगून ठेवतो, दुसऱ्या एका दुकानात देलाक्रुआचाच 'रॉयल टायगर' एचिंग म्हणून विकायला होता. तो १८२९ चा लिथोग्राफ आहे, दगडावर खडूने काढलेला. जवळून बघितलं की रेघेऐवजी खडूचा दाणा दिसतो, सावल्याही मऊ असतात. तोही जबरदस्त आहे, पण लेबल बघून पैसे देऊ नका, कागद बघा.

फ्रेम करताना मागचा पुठ्ठा ॲसिड-फ्री सांगा, मागितल्याशिवाय कोणी लावत नाही. काच आणि कागदाच्या मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच. आणि उन्हाळ्यात कूलरच्या समोरच्या भिंतीवर अजिबात लावू नका, ओल्या हवेने कागद लाटा धरतो.