पीकरक्षणासाठी पॉइंट ३१५ की पॉइंट २२?
रावेरकडील एका केळी बागायतदार भाऊंना रानडुकरांसाठी रायफल घ्यायची आहे. पॉइंट ३१५ आणि पॉइंट २२ (हे आकडे म्हणजे नळीचा इंचांतील व्यास) या दोन्ही बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढून पुढचे काडतूस भरण्याच्या, रायफली आपल्या आयुध निर्माणींतच बनतात. पॉइंट २२ ची काडतुसे स्वस्त असून गोळी झाडताना खांद्याला बसणारा धक्का नगण्य असतो. परंतु तिच्या हलक्या गोळीने डुक्कर केवळ जखमी होऊन बागेत दडते, आणि हे क्रूर तर आहेच, शिवाय सकाळी पाणी द्यायला जाणाऱ्या मजुराच्या जिवावर बेतणारे आहे. पॉइंट ३१५ जड व खर्चिक आहे. तिची चुकलेली गोळी फार लांब जाते, म्हणून सपाट शिवारात मचाणावरून खालीच नेम धरावा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शस्त्रपरवाना असूनही वन विभागाच्या लेखी परवानगीविना डुकरावर गोळी झाडता येत नाही. ती परवानगी मिळाली असल्यास पॉइंट ३१५ घ्यावी. केवळ नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट २२ पुरेशी आहे.