२९९ डॉलरचा घटस्फोट, दहा महिन्यांनंतर

मागच्या फेब्रुवारीत घटस्फोटाचे फॉर्म भरून देणाऱ्या एका वेबसाइटला पैसे भरले, डिसेंबरात जजमेंट हातात पडलं. मधल्या काळात खिशातून नक्की किती गेले ते लिहून ठेवते, कारण मी शोधत होते तेव्हा आपल्यासारख्यांसाठी कुणी लिहिलेलं सापडलं नाही. आपल्यासारख्यांसाठी म्हणजे लग्न पुण्यात, संसार कॅलिफोर्नियात, आणि दोघांकडेही अजून भारतीय पासपोर्ट. सात वर्षांचं लग्न, मूल नाही, भांडण तर नाहीच. पाच वर्षांच्या आतलं लग्न असतं तर सोपी ‘समरी’ प्रक्रिया बघता आली असती, ती वेळ निघून गेली होती.

वेबसाइटचं नाव घेत नाही. प्रश्न विचारते, आपण उत्तरं भरायची, शेवटी कोर्टाच्या फॉर्मांची पीडीएफ मिळते. दोन संध्याकाळी गेल्या. काम स्वच्छ आहे, खोटं का बोलू. पण हेच फॉर्म राज्याच्या कोर्टांच्या साइटवर फुकट आहेत आणि प्रत्येक काउंटीत मदत केंद्रही फुकट आहे, हे मला पैसे भरल्यावर कळलं. शिवाय २९९मध्ये कोर्टाची फी धरलेली नव्हती. अर्ज दाखल करायचे ४३५ डॉलर वेगळे.

अर्ज दाखल झाला की कागद समोरच्याला ‘सर्व्ह’ करायचे, आणि ते आपण स्वतः करायचे नाहीत. अठरा वर्षांवरचा तिसरा माणूस लागतो. माझी मैत्रीण पाकीट घेऊन नवऱ्याच्या नव्या अपार्टमेंटवर गेली. त्याने दार उघडलं, पाकीट घेतलं आणि विचारलं, “चहा टाकू का?” ती बिचारी अर्धा तास बसून आली. सहा महिन्यांची सक्तीची मुदत त्या चहाच्या दिवसापासून मोजली गेली.

मग मालमत्तेची यादी. एफएल-१४२ नावाचा फॉर्म आहे, त्यात फर्निचर, गाड्या, बँक खाती, निवृत्तीची खाती असे रकाने. दागिन्यांच्या ओळीशी मी अडले. मंगळसूत्र लिहायचं का? आईने घातलेल्या पाटल्या? वेबसाइटच्या चॅटवर विचारलं. उत्तर आलं, आम्ही वकील नाही, कायदेशीर सल्ला देत नाही. आणखी दोन प्रश्नांना हेच उत्तर आल्यावर मी विचारणं सोडलं.

वकिलाकडे मी गेले ती खरं तर पाटल्यांपायी. इथे पूर्ण केस न देता तासावर सल्ला घेता येतो. भारतीय जोडप्यांची कामं करणाऱ्या एक वकीलबाई मिळाल्या, तासाला ४२५ डॉलर. दागिन्यांचं त्यांनी दोन मिनिटांत संपवलं: माहेरून तुम्हाला आलेलं ते तुमचं, त्याच फॉर्मवर स्वतंत्र मालमत्तेचा रकाना आहे, तिथे लिहा. मग त्यांनी माझी बाकीची फाइल उलटली आणि एका पानावर थांबल्या.

वेबसाइटने आम्हाला सगळ्यात स्वस्त वाट दिली होती. नवऱ्याने कोर्टात उत्तर दाखल करायचंच नाही, फक्त समझोत्यावर नोटरीसमोर सही करायची. तसं केलं की त्याचे ४३५ वाचतात. इथल्या कायद्यात हे पूर्ण चालतं, आमच्यासारखे कितीतरी लोक करतात. पण कागदावर शब्द येतो ‘डिफॉल्ट’, म्हणजे समोरचा कोर्टात आलाच नाही. आणि आमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं. परदेशी कोर्टाचा घटस्फोट भारतात कधी मानायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये नरसिंह राव खटल्यात सांगितलंय. समोरच्याने स्वेच्छेने त्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं होतं का, हा त्यातला कळीचा मुद्दा. इथे घटस्फोटाचं कारण म्हणून ‘मतभेद मिटण्यासारखे नाहीत’ एवढं पुरतं, आपल्या कायद्यात ते कारणच नाही. म्हणजे दोघांची संमती हाच आधार. “उद्या तुमच्यापैकी कुणी पुण्यात दुसरं लग्न करायला गेलं आणि कुणी हा कागद धरून बसलं तर?” बाई म्हणाल्या. “त्याला हजर राहू दे. ४३५ भरा.”

भरले. निम्मे त्याने दिले. नोटरीचे १५ डॉलर वाया.

दुसरा तास बाणेरच्या फ्लॅटवर गेला. तो दोघांच्या नावावर, कर्ज फिटलेलं, आणि तो मला द्यायचं ठरलेलं. वेबसाइटच्या समझोत्यात एक ओळ होती: भारतातलं घर पत्नीला. पुण्याच्या दुय्यम निबंधकाला त्या ओळीशी काय देणंघेणं? बाई म्हणाल्या, तिकडच्या वकिलाला विचारा. विचारलं, तर कळलं की महाराष्ट्रात पती-पत्नीत राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, अधिभार वेगळा. पण त्यासाठी पती-पत्नी असावं लागतं! जजमेंटनंतर आम्ही एकमेकांचे कोणीच नसतो. नवरा दिवाळीला पुण्याला गेला तेव्हा सही करून आला. सहा महिन्यांच्या मुदतीचा मला झालेला हा एकमेव फायदा.

शेवटचा गठ्ठा कोर्टाने एकदा परत पाठवला. सोबत टिचभर कागद: विभक्त झाल्याची तारीख दोन ठिकाणी दोन वेगळी, आणि तिकिटं लावलेली पाकिटं जोडलेली नाहीत. दोघांच्या पत्त्याची दोन पाकिटं द्यावी लागतात, निकालाची सूचना त्यातून घरी येते. वेबसाइटच्या छापील सूचनांत पाकिटांचा उल्लेख नव्हता. तारखेची चूक मात्र माझी.

तर हिशोब. वेबसाइट २९९, कोर्ट ४३५ दोनदा, वकीलबाई ८५०, नोटरी १५, भारतात कागद चालावा म्हणून अपोस्टिलचा सरकारी शिक्का २०. दोघांचं मिळून एकूण २०५४. ऑफिसातल्या एकीने, तिचंही भांडण नव्हतं, सरळ वकील लावला, त्याने नुसती आगाऊ रक्कमच ५००० घेतली. तेवढ्याची गरज आम्हाला नव्हती. पण परत करायची वेळ आली (नको!) तर वाचवीन ते वेबसाइटचे २९९. फॉर्म मदत केंद्रातून भरीन आणि ते पैसे बाईंच्या तिसऱ्या तासाला देईन, कारण नवऱ्याच्या कंपनीच्या शेअरांचा विषय आम्ही घाईत उरकला.

गेल्या आठवड्यात मंडळातल्या एकीने वेबसाइटची लिंक मागितली. तीही म्हणाली, आमचं सगळं आपसात ठरलंय. ती एच-फोरवर, नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे, म्हणजे निकाल लागेल त्या दिवशी तिचा इथे राहायचा आधारच जाणार. तिला मी लिंक नाही पाठवली, बाईंचा नंबर पाठवला.