रिचबर्गच्या ७५ फेऱ्या की गोल्डफील्डच्या ४२?

व्यावसायिक बॉक्सिंगच्या सुरुवातीच्या काळात माणसांची शरीरे किती सोसत होती, हे ज्याला एकाच लढतीच्या बारकाईने केलेल्या अभ्यासातून समजून घ्यायचे आहे, त्याच्यासमोर बहुधा दोन लढती येतात. पहिली आहे ८ जुलै १८८९ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, रिचबर्ग येथे जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन यांच्यात झालेली उघड्या मुठींची लढत. दुसरी ३ सप्टेंबर १९०६ रोजी नेवाडातील गोल्डफील्ड या खाणींच्या गावी झाली आणि तीत जो गॅन्स व बॅटलिंग नेल्सन हातमोजे घालून लढले. दोन्ही लढती, आपल्याकडच्या शब्दात सांगायचे तर, निकाली होत्या. फेऱ्यांना मर्यादा नव्हती आणि गुणांवर सोडवण्याची वाटही नव्हती.

आकड्यांवरून पाहिले तर रिचबर्गचे पारडे जड वाटते, कारण तेथे ७५ फेऱ्या झाल्या आणि गोल्डफील्डला ४२. परंतु फेरी या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा होता आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. रिचबर्गची लढत लंडन प्राइझ रिंगच्या नियमांनी झाली. या नियमांत फेरीला ठरावीक वेळ नसे. ठोशाने असो वा पकडून आपटल्यामुळे असो, एकजण जमिनीवर पडला की फेरी संपे, मग ३० सेकंदांची विश्रांती मिळे आणि त्यानंतरच्या ८ सेकंदांत पुन्हा मधल्या रेषेशी येऊन उभे राहावे लागे. गोल्डफील्डला क्वीन्सबरी नियम होते, म्हणजे ३ मिनिटांची फेरी आणि १ मिनिटाची विश्रांती, मग मधे कोणी कितीही वेळा खाली जावो.

आता हिशोब करून पाहावा. रिचबर्गची लढत एकूण २ तास १६ मिनिटे चालली. त्यातून ७४ विश्रांतींचा वेळ वजा केला तर प्रत्यक्ष झुंज ९० ते १०० मिनिटांच्या दरम्यान येते, म्हणजे एक फेरी सरासरी सव्वा मिनिटाच्या आसपास भरते. गोल्डफील्डला ४१ पूर्ण फेऱ्यांची १२३ मिनिटे होतात आणि अपुरी राहिलेली बेचाळिसावी फेरी त्याहून वेगळी. शिवाय रिचबर्गला दमलेल्या माणसाला हलक्याशा फटक्यावर खाली बसून विश्रांती मिळवता येत असे आणि किलरेनने ही युक्ती वारंवार वापरली. ती भित्रेपणाची नव्हती. आपल्यापेक्षा जबर ठोसा असलेल्या माणसासमोर दम राखण्याचा नियमांतच असलेला तो मार्ग होता. गॅन्स आणि नेल्सन यांना असा मार्गच नव्हता.

तरीही रिचबर्गला कमी लेखणे अन्यायाचे होईल. जुलै महिन्यातील दमट हवा, पारा १०० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेल्याचे वृत्तांत आणि डोक्यावर सावली नसलेला आखाडा, अशा स्थितीत ही दोन अवजड माणसे उभी होती. सलिव्हनला त्याआधी दारूच्या व्यसनाने पुरते पोखरले होते. प्रसिद्ध पैलवान विल्यम मल्डून याने त्याला न्यूयॉर्क राज्यातील आपल्या शेतावर नेऊन कडक शिस्तीत चालवून, राबवून पुन्हा उभे केले. चव्वेचाळिसाव्या फेरीत सलिव्हनला उलटी झाली, तेव्हा किलरेनने लढत बरोबरीत सोडवण्याविषयी विचारले आणि सलिव्हनने ते धुडकावले. त्यानंतर आणखी एकतीस फेऱ्या तो लढला. पंचाहत्तर फेऱ्या संपल्या तेव्हा किलरेनच्या कोपऱ्यातील माइक डोनोव्हन याला, आता पुढे गेला तर हा माणूस जिवाला मुकेल, अशी भीती वाटली आणि त्याने स्पंज आत टाकून हार मान्य केली. तो निर्णय किलरेनचा स्वतःचा नव्हता, ही गोष्ट मला त्या दिवसाविषयीच्या इतर कोणत्याही तपशिलापेक्षा महत्त्वाची वाटते.

गोल्डफील्डमध्ये कसोटी लढतीच्या आधीपासूनच सुरू झाली होती. गॅन्स जगज्जेता होता, पण तो कृष्णवर्णीय असल्यामुळे अटी नेल्सनच्या बाजूने ठरल्या. लढतीच्या दिवशीच, बूट आणि पोशाखासह, १३३ पौंडांच्या आत वजन भरण्याचे बंधन त्याच्यावर होते. म्हणजे अंगातले पाणी आटवलेले शरीर घेऊन तो सुमारे ५,७०० फूट उंचीवरच्या विरळ हवेत, वाळवंटाच्या उन्हात उतरला. मोबदल्यातही नेल्सनचा वाटा त्याच्या साधारण दुप्पट होता.

नेल्सनची पद्धत सरळ होती. समोरच्याचे तीन ठोसे खाऊनही पुढे सरकत राहायचे, अंगाला भिडायचे आणि बरगड्यांखाली मारत राहायचे. गॅन्स मात्र अंतर राखणारा, हात मोजून टाकणारा बॉक्सर होता. त्याने नेल्सनला अनेकदा खाली पाडले आणि हात देऊन उठवलेही. तेहतिसाव्या फेरीत नेल्सनच्या डोक्यावर ठोसा बसताना गॅन्सच्या उजव्या हाताचे हाड मोडले. ते लपवण्यासाठी त्याने पाय दुखावल्याचे भासवले आणि उरलेल्या फेऱ्या मुख्यतः डाव्या हातावर काढल्या. बेचाळिसाव्या फेरीत नेल्सनने कमरेखाली ठोसा मारला आणि पंच जॉर्ज सायलर यांनी त्याला बाद ठरवले.

हातमोज्यांमुळे हा खेळ सौम्य झाला, असा एक समज आहे आणि निवड करताना तो बाजूला ठेवावा. उघड्या मुठीने कवटीवर जोरात मारले तर आधी मारणाऱ्याचीच बोटे मोडतात, म्हणून जुने लढवय्ये डोक्यावर बेताने मारत आणि पकडी व आपटण्यावर भर देत. मोज्याने मूठ बऱ्याच अंशी सुरक्षित झाली, त्यामुळे डोक्यावरच्या ठोशांची संख्या वाढली. ज्याच्या जिवाची डोनोव्हनला भीती वाटली तो किलरेन पुढे १९३७ पर्यंत जगला आणि १९१८ मध्ये सलिव्हनच्या शवपेटीला त्याने खांदाही दिला. नेल्सनला १९१० मध्ये अ‍ॅड वोलगास्टने चाळिसाव्या फेरीत हरवले, आणि पुढे नेल्सन व वोलगास्ट या दोघांचीही अखेरची वर्षे मानसिक आजारात गेली. सतत ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूच्या या विकाराचे वर्णन अमेरिकी वैद्यक डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये केले.

साधनांचाही विचार करायला हवा. रिचबर्गविषयी वृत्तपत्रांतील फेरीवार वर्णने आणि काही छायाचित्रे आहेत. गोल्डफील्डची लढत चित्रित झाली होती आणि त्या चित्रफितीचा काही भाग आजही पाहता येतो.

कुस्तीच्या मैदानात वाढलेल्या वाचकाला रिचबर्ग अधिक जवळचे वाटेल, कारण पकड, आपटणे, उठून पुन्हा रेषेशी येणे ही भाषा त्याला समजते. मनाचा हट्ट शरीराला कोठवर ओढत नेतो, हा ज्याचा प्रश्न आहे त्यानेही सलिव्हन आणि किलरेन यांच्यापासून सुरुवात करावी. पण बॉक्सिंग या खेळाचा म्हणून जो दम आहे, म्हणजे ठोसे घेत, चुकवत, तीन-तीन मिनिटे पायांवर राहून डोके शाबूत ठेवण्याचा, तो पाहायचा असेल तर मी गोल्डफील्डच निवडेन. चित्रफीत पाहताना नजर नेल्सनच्या हल्ल्यावर न ठेवता गॅन्सच्या पायांवर ठेवावी. तो एकही पाऊल वाया घालवत नाही. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. पुढे चार वर्षांनी, १९१० च्या ऑगस्टमध्ये, क्षयरोगाने बाल्टिमोरमध्ये त्याचा मृत्यू झाला.