मीटिंग रूम नेटवर्कवर आणल्या, त्याला दहा महिने झाले

आधी काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कौतुकही कळणार नाही आणि तक्रारही. आमच्या ऑफिसात सात मीटिंग रूम. प्रत्येकीत एक ड्रॉवर, ड्रॉवरमध्ये तीन रिमोट, त्यातल्या एकाचे सेल कायम उतरलेले. टेबलाच्या भोकातून वर आलेली एचडीएमआय केबल, जिचं टोक इतक्या जणांनी वाकवलेलं की एका ठरावीक कोनात धरली तरच चित्र यायचं. प्रोजेक्टर आणि स्पीकर प्रशासन विभागाकडे, नेटवर्क आणि लॅपटॉप आमच्याकडे. मीटिंग अडली की ते म्हणायचे लॅपटॉप बघा, आम्ही म्हणायचो प्रोजेक्टर बघा. तेवढ्या वेळात पलीकडचे लोक कॉलवर ताटकळत.

मग सगळ्या रूमचं काम नव्यानं काढलं. स्क्रीन, कॅमेरे, छतातले माइक, दाराबाहेरचे बुकिंगचे पॅनेल, सगळं आमच्या नेटवर्कवर. मी आयटीत आहे, नेटवर्कचे स्विच (यंत्रांना केबलनं एकमेकांशी जोडणारे डबे) आणि वायफाय माझ्याकडे. काम संपवून एव्हीवाले (ऑडिओ-व्हिडिओ बसवणारी कंपनी) गेले की पुढचं ज्यांच्या गळ्यात पडतं, त्यांच्यापैकी मी एक. त्या बाजूनं लिहितेय.

चार छोट्या रूमबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि हीच त्यांची तारीफ. स्क्रीनखाली एक लांबट बार, त्यातच कॅमेरा, माइक आणि स्पीकर. टेबलावर टच पॅनेल. कॅलेंडरमधली मीटिंग त्यावर दिसते, बटण दाबलं की सुरू. छोट्या टीमचं सगळं काम जर चार-पाच जणांच्या कॉलवर चालत असेल, तर एवढंच घ्या आणि हा लेख इथेच सोडा.

खरी कसोटी मोठ्या हॉलची. तिथे तीन स्क्रीन, दोन कॅमेरे आणि मधे सरकती भिंत. चित्र नेटवर्कवरून फिरवायचं ठरलं. ६० फ्रेमचं कच्चं फोर-के चित्र एचडीएमआयवर १८ गिगाबिटच्या घरात जातं, आणि आमच्या पोर्टचा वेग १ गिगाबिट. म्हणून एन्कोडर ते चित्र दाबून लहान करतो आणि मल्टिकास्टनं, म्हणजे एकच प्रवाह मागणाऱ्या सगळ्यांसाठी, स्विचमध्ये सोडतो. ज्या स्क्रीनला हवं तिचा डिकोडर ते उचलतो. उद्या चौथी स्क्रीन लावायची झाली तर एक डिकोडर आणि एक पोर्ट, बस. कल्पना उत्तम आहे.

दुसऱ्याच आठवड्यात तिमाही आढावा होता. चित्र झकास. थोड्या वेळानं तिन्ही स्क्रीन काळ्या. कोणीतरी पॅनेलवर सोर्स बदलून परत लावला, चित्र आलं. परत गेलं. एव्ही कंपनीचा टेक्निशियन तिथेच होता. त्यानं केबल बदलली, डिकोडर बदलला आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, आमच्या साइडनं सगळं ओके आहे." हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा वापरलंय की ते ऐकून राग आला नाही, शंका आली. हॉल रिकामा झाल्यावर फोनवर स्टॉपवॉच लावून बसले. चार मिनिटं वीस सेकंद. परत लावलं. चार मिनिटं वीस सेकंद, एखादा सेकंद इकडेतिकडे. बिघडलेली केबल इतकी वक्तशीर नसते.

२६० सेकंद म्हटल्यावर डोक्यात घंटी वाजली. कोणत्या पोर्टला कोणता प्रवाह हवा आहे हे स्विच आयजीएमपी स्नूपिंगनं लक्षात ठेवतो. नेटवर्कमधला क्वेरिअर साधारण दर १२५ सेकंदांनी विचारतो, "अजून हवंय का?" डिकोडर "हो" म्हणतो आणि प्रवाह चालू राहतो. विचारणाराच कोणी नसेल तर २६० सेकंदांनी स्विच समजतो की आता कोणाला गरज नाही, आणि प्रवाह तोडतो. सोर्स बदलला की डिकोडर नव्यानं मागणी करतो, म्हणून चित्र परत यायचं. एव्हीसाठी वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) मीच काढला होता, स्नूपिंग मीच चालू केलं होतं, आणि क्वेरिअर लावायचा माझ्याकडूनच राहिला होता. आमच्या बाकीच्या व्हीलॅनमध्ये ते काम राउटर करतो आणि हा व्हीलॅन मी मुद्दाम बंदिस्त ठेवला होता. कॉन्फिगरेशनची एक ओळ. टेक्निशियनला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, "ते आमच्या फॉर्ममध्ये होतं, मॅडम."

होतं खरं. दुसऱ्या पानावर.

त्याच पानावर आणखी एक ओळ होती: ग्रीन इथरनेट बंद ठेवा. ती मला चक्क अंधश्रद्धा वाटली होती. हॉलमधला आवाज डान्टेवर चालतो, म्हणजे माइकपासून स्पीकरपर्यंत तो पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, बनूनच जातो. यात सगळ्या यंत्रांची घड्याळं मायक्रोसेकंदांच्या हिशेबात जुळलेली लागतात आणि पॅकेट पोचायला सर्वसाधारण सेटिंगमध्ये १ मिलिसेकंदाची मुभा असते. वीज वाचवायला पोर्ट मधेमधे डुलकी घेऊ लागला की घड्याळ हलतं आणि स्पीकरमधून टक् असा आवाज येतो. सतत नाही. कधी दहा मिनिटांनी, कधी दोन तासांनी, आणि हमखास कोणीतरी महत्त्वाचा आकडा सांगताना. वेबपेज उघडायला अर्धा सेकंद उशीर झाला तर कोणाला कळतही नाही. आवाजाला ती सवलत नाही. नेटवर्कवाल्यांनी आधी हे पचवावं, मग एव्हीला हात घालावा.

पण सगळा दोष मी माझ्या पदरात घेणार नाही. मधल्या आकाराच्या दोन रूम काचेच्या. तिथल्या आवाजाबद्दल पलीकडून एकच तक्रार यायची, "तुम्ही पाण्याखालून बोलताय का?" रूममध्ये बसलेल्यांना मात्र सगळं छान ऐकू यायचं, त्यामुळे ती कोणी मनावरच घेत नव्हतं. शेवटी एक दिवस मी घरून कॉल लावला आणि रूममध्ये बसलेल्या सहकाऱ्याला एक ते वीस मोजायला सांगितलं. मी मधे मधे बोलत होते. तो मोजत होता आणि मला ‘पंधरा’चा ‘धरा’ ऐकू येत होता, ‘सतरा’चा ‘तरा’. दोघं एकदम बोललो की त्याच्या शब्दाचं पहिलं अक्षर गिळलं जात होतं.

कारण असं निघालं की प्रतिध्वनी काढायचं काम दोघं करत होते. भिंतीतल्या कपाटातला ऑडिओ प्रोसेसर एकदा काढायचा, मग रूमच्या कॉम्प्युटरवरचं कॉलचं सॉफ्टवेअर त्याच आवाजावर पुन्हा हात फिरवायचं. उरलेल्या चांगल्या आवाजालाच ते प्रतिध्वनी समजायचं. प्रोसेसरचं चालू ठेवलं, सॉफ्टवेअरचं बंद केलं, आणि ‘पंधरा’ पूर्ण ऐकू आला. हे एव्हीवाल्यांनी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. त्यांनी आवाज तपासला होता, पण रूममध्ये बसूनच.

तरी घुमणं राहिलंच. समोरासमोर दोन काचा, खाली गुळगुळीत फरशी, वर माइक. टाळी वाजवली की ती मागे रेंगाळायची. पलीकडून आलेला आवाज परत जाऊ नये एवढंच प्रतिध्वनी काढणारी प्रणाली बघते. खोलीचं घुमणं ती काढत नाही, ते कापडानं आणि फोमनंच जातं. कॅमेऱ्यावर सढळ हातानं खर्च करणाऱ्या मंडळींना भिंतीवर लावायच्या फोमच्या पट्ट्या अनावश्यक वाटल्या. तीन महिने त्यांच्या मागे लागले. लागून असलेल्या दोन भिंतींवर पट्ट्या आणि खाली कार्पेट आलं, तेव्हा पलीकडच्यांनी विचारलं, "नवीन माइक घेतले का?" माझा अनुभव विचाराल तर कॅमेरा एक पायरी खालचा घ्या आणि वाचलेले पैसे भिंतीवर लावा. चेहरा जरा धूसर दिसला तरी मीटिंग चालते, शब्द धूसर झाले की संपली.

हॉलमध्ये ओठ आणि आवाज जुळत नव्हते, ते त्या मानानं सोपं निघालं. चित्र एन्कोडर, डिकोडर आणि स्क्रीन अशा तीन दारांतून येतं, आवाज लवकर पोचतो. युरोपातल्या प्रसारण संघाच्या शिफारशीत आवाज चित्राच्या ४० मिलिसेकंदांपेक्षा पुढे आणि ६० पेक्षा मागे नको, असं आहे. पुढे धावणारा आवाज आपल्याला जास्त खटकतो, कारण निसर्गात आधी दिसतं, मग ऐकू येतं. प्रोसेसरमध्ये आवाजाला थोडा उशीर लावला, प्रश्न मिटला.

वायरलेस शेअरिंगवर मोठी भिस्त होती. निराशा झाली. लॅपटॉप स्क्रीनला शोधतो ते बहुतेक एमडीएनएसनं, म्हणजे नेटवर्कवर हाक मारून, आणि ती हाक आपल्या व्हीलॅनच्या बाहेर जात नाही. पाहुणे पाहुण्यांच्या वायफायवर, स्क्रीन एव्हीच्या व्हीलॅनवर. मधे गेटवे बसवून हाक पलीकडे पोचवता येते, आम्ही तसं केलंही, पण मग सातही रूमची नावं सगळ्यांच्या यादीत दिसू लागली. एकदा एका टीमचे पगाराचे आकडे शेजारच्या रूमच्या स्क्रीनवर झळकले. तेव्हापासून स्क्रीनवर दिसणारा चार आकडी पिन सक्तीचा आहे, आणि लोकांनी निमूटपणे टेबलावरची यूएसबी-सी केबल हातात घेतली आहे. चित्र, कॅमेरा-माइक आणि चार्जिंग एकाच केबलमधून. ती मात्र झिजते. मोठ्या हॉलची केबल दहा महिन्यांत तीनदा बदलली. केबल म्हणजे प्रिंटरच्या कागदासारखी वस्तू, दोन-चार कपाटात असल्याच पाहिजेत.

विजेचं गणित स्विच मागवायच्या आधी करा, आम्ही नंतर केलं. २४ पोर्टचा पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) स्विच म्हणजे २४ पोर्टना प्रत्येकी ३० वॉट, असं गृहीत धरलं होतं. आमच्या स्विचचा एकूण साठा ३७० वॉट. रोज काही जाणवलं नाही, कारण यंत्रं एकेक करून जोडलेली. वीज जाऊन आली, सगळी एकदम उठली, आणि शेवटच्या दोन कॅमेऱ्यांच्या वाट्याला काही उरलं नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर सगळ्या यंत्रांचा पासवर्ड एकच होता आणि तो मॅन्युअलमध्ये छापलेला. निम्म्या यंत्रांना ८०२.१एक्स, म्हणजे नेटवर्कवर येताना ओळख पटवून देणं, येत नाही. त्यांना मॅक पत्त्यावर (यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावर) आत घ्यावं लागतं, आणि मॅक पत्त्याची नक्कल कोणीही करू शकतो. म्हणून त्यांचा व्हीलॅन बंदिस्त, इंटरनेटला फक्त ठरलेल्या वाटा. अपडेट आधी एका छोट्या रूममध्ये टाकायचे, आठवडाभर थांबायचं, मग बाकीच्यांत. हा शहाणपणा सातही रूमचे कॅमेरे एका सकाळी एकदम गायब झाल्यावर आला.

तक्रारींचे फोन कमी झाले ते मात्र यातल्या कशामुळेच नाही. प्रशासनातले जे दादा प्रोजेक्टर सांभाळायचे, ते चौथ्या महिन्यात आमच्या टीममध्ये आले आणि प्रत्येक टच पॅनेलवर एकच नंबर चिकटवला गेला. आता "ते तुमच्याकडे येतं" म्हणायला समोर दुसरं कोणी उरलं नाही. दादा रोज सकाळी सातही रूममध्ये जाऊन एक टेस्ट कॉल लावतात, जेमतेम वीस मिनिटं. सगळ्या यंत्रांची स्थिती दाखवणारा डॅशबोर्ड असताना हे कशाला, असं मीच म्हटलं होतं. मग एकदा डॅशबोर्ड पूर्ण हिरवा होता आणि मधल्या रूमचा कॅमेरा शांतपणे छताकडे बघत होता. पहिल्या महिन्यात दिवसाला चार-पाच फोन यायचे, आता आठवड्याला एखाद-दुसरा येतो.

बाहेरच्या पॅनेलवर दहा मिनिटांत कोणी हजेरी लावली नाही तर बुकिंग आपोआप सुटतं. यावरून भांडणं झाली, पण रूम मिळू लागल्या. विकत घेतलेल्या सगळ्यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच आहे, आणि तिच्यात ऑडिओही नाही आणि व्हिडिओही.

हॉलच्या सरकत्या भिंतीचं अजून मिटलेलं नाही. भिंत उघडली की सेन्सर दोन्ही अर्ध्यांचे माइक-स्पीकर जोडतो, मिटली की तोडतो, निदान तशी अपेक्षा आहे. गेल्या गुरुवारी भिंत मिटलेली असताना सेन्सरनं ती उघडी मानली आणि डावीकडची मुलाखत उजवीकडच्या प्रशिक्षणात ऐकू आली. उमेदवाराला कोणी काही सांगितलेलं नाही. टेक्निशियन मंगळवारी येणार आहे. तोवर मी ऑटो बंद केलंय, पॅनेलवर ‘जोडा’ आणि ‘तोडा’ अशी दोन मोठी बटणं ठेवलीत, आणि दादा हॉलमधून बाहेर पडताना ‘तोडा’ दाबून येतात.